मदत हवी आहे: रॉ पीसीएमवरून एमपी३ करताना खरखर येते आणि शेवटचं अक्षर कापलं जातं (अँड्रॉइड, लेम)

नमस्कार मंडळी, तीन रात्री झाल्या इथेच अडकलोय म्हणून सगळं नीट लिहितो, थोडं लांबेल.

आम्ही काही जण दृष्टिहीन मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो. वाचणारे बहुतेक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्यासाठी मी एक साधं ॲप केलंय, एकच मोठं बटण, दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, परत दाबलं की बंद. आत ऑडिओरेकॉर्ड (माइकचा आवाज घेणारा अँड्रॉइडचा भाग) आहे, ४४१०० हर्ट्झ, १६ बिट, मोनो, आणि जे बाइट येतात ते जसेच्या तसे पीसीएम फाइलमध्ये (म्हणजे न दाबलेला कच्चा आवाज) लिहितो. रेकॉर्डिंग चालू असतानाच एन्कोड (म्हणजे एमपी३मध्ये रूपांतर) करायचं मुद्दाम टाळलं, कारण एका काकूंचा फोन जुना आहे, ॲप मध्येच बंद पडलं तरी तोवरचं वाचन हातात राहायला हवं.

पण साइझ बघा. सेकंदाला ८८,२०० बाइट, म्हणजे ४५ मिनिटांचा धडा जवळपास २३८ एमबी! मुलांकडे मेमरी कार्डवर चालणारे छोटे प्लेअर आहेत आणि ते एमपी३च वाजवतात. ६४ केबीपीएस (बिटरेट, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट) मोनो केलं तर तोच धडा २१.६ एमबीत बसतो, म्हणून लेम ही एमपी३ बनवणारी सी लायब्ररी एनडीके आणि जेएनआय (अँड्रॉइड ॲपमध्ये सी कोड वापरायची साधनं) लावून जोडली.

पहिल्या फाइलमध्ये ४५ मिनिटांचा धडा साडेबावीस मिनिटांत संपला आणि काकूंचा आवाज एकदम चिरका. कुठल्यातरी उदाहरणातून लेम_एन्कोड_बफर_इंटरलीव्ड हे फंक्शन उचललं होतं, त्याला डावा-उजवा-डावा-उजवा असे सॅम्पल (आवाजाची एकेक मोजणी) लागतात, माझे मोनो सॅम्पल ते दोन चॅनेलमध्ये वाटत होतं हे कळायला एक अख्खी रात्र गेली. चॅनेल १ सेट करून साधं लेम_एन्कोड_बफर घेतलं, वेळ बरोबर झाली, आवाज स्वच्छ, म्हणून एक धडा पाठवूनही दिला.

दुसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलीचा फोन. "काका, शेवटच्या वाक्यात 'होता' आहे की 'होते'? मला लिहून घ्यायचंय." ऐकून बघितलं तर खरंच, "हो" नंतर फाइल संपते. रॉ फाइलमध्ये शब्द पूर्ण आहे, ऑडॅसिटीत (आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये) बघितला.

मला वाटलं शेवटचा तुकडा वाचायचा राहतोय, म्हणून वाचनाचा कोड नव्याने लिहिला. आधी बाइट ॲरे तसाच सी कोडला देऊन तिथे शॉर्ट (दोन बाइटचा आकडा) म्हणून वापरत होतो, आता जावामध्येच डेटाइनपुटस्ट्रीम लावून रीडशॉर्टने एकेक सॅम्पल घेतो. तेव्हापासून अशी खरखर, की पत्र्यावर जोराचा पाऊस पडतोय आणि त्यामागे लांब कुठेतरी काकू वाचतायत. बिटरेट १२८ केला, काही फरक नाही. आणि अक्षर अजूनही कापलं जातंच. कुणी हे केलं असेल तर प्लीज सांगा, सहामाही परीक्षा जवळ आलीय.

प्रतिसाद १:
खरखर रीडशॉर्टमुळे आहे, शंभर टक्के. डेटाइनपुटस्ट्रीम नेहमी बिग एंडियन (वजनदार बाइट आधी) वाचतो आणि तुमची फाइल लिटल एंडियन (हलका बाइट आधी) आहे, म्हणून प्रत्येक सॅम्पलचे दोन बाइट उलटे होतात, जो बाइट हलका असायला हवा तोच वजनदार होऊन बसतो. बिटरेटचा काही संबंध नाही, एन्कोडरकडे जातोय तोच माल बिघडलेला आहे. बाइट ॲरे जावाच्या बाइटबफरमध्ये गुंडाळा, ऑर्डर लिटल एंडियन द्या (न सांगता तोही बिग एंडियनच धरतो, इथे भलेभले फसतात) आणि ॲजशॉर्टबफरने एकदम काढा. तसंही ४५ मिनिटांत जवळपास ११.९ कोटी सॅम्पल होतात, एकेक वाचत बसलात तर जुन्या फोनवर हाल होतील. रीडने किती बाइट दिले तो आकडा मात्र दर वेळी बघा, शेवटचा तुकडा अर्धवटच येतो, तेवढेच सॅम्पल लेमला द्या, नाहीतर मागच्या तुकड्याचं उरलेलं परत वाजेल.

आता अक्षर. एमपी३ची एक फ्रेम ११५२ सॅम्पलची असते, लेम सॅम्पल साठवून फ्रेम भरली की बाहेर टाकतं, त्यामुळे तुमचं वाचन संपलं तरी थोडा आवाज त्याच्या पोटातच असतो. सगळं देऊन झालं की लेम_एन्कोड_फ्लश बोलवा, त्यातून जे बाइट येतील ते फाइलमध्ये लिहा, मगच क्लोज करा. फ्लशला किमान ७२०० बाइटचा बफर लागतो.

प्रतिसाद २:
एमपी३ऐवजी ओपस हा फॉरमॅट का नाही वापरत? नुसत्या बोलण्याला २४ केबीपीएस पुरतं, हाच धडा आठ एमबीत येईल. नाहीतर एमपी३च ३२ वर करा.

धागाकर्ता:
ओपस प्लेअरवर वाजत नाही हो, नाहीतर तेच केलं असतं. ३२ चा एमपी३ करून ऐकला, त्यात वरच्या पट्टीतला आवाज कापला जातो आणि स आणि श जवळ येतात. मुलं शुद्धलेखन कानाने शिकतात, तिथे तडजोड नको वाटते, ६४ च ठेवतो.

प्रतिसाद १ वाले दादा, मनापासून आभार! फ्लश माझ्या कोडमध्ये कुठेच नव्हतं. दोन्ही बदल करून आत्ताच तो धडा परत केला, खरखर पूर्ण गेली आणि शेवटी "होते" स्पष्ट ऐकू येतं. रॉ फाइली ठेवल्या होत्या म्हणून काकूंना परत वाचायला लावायची वेळ आली नाही. बाकीचे अकरा धडे आता लावतोय, त्या मुलीला सकाळी फोन करतो.