जावयाचं पोलंडचं जुनं पिस्तूल : स्प्रिंग बदलू द्यावी का?

सुभेदार_खानापूर

नमस्कार मंडळी. मी मराठा लाइट इन्फंट्रीतनं सुभेदार म्हणून रिटायर, गाव खानापूर तालुक्यात. चार महिने टेक्सासला लेकीकडं होतो, मागल्या आठवड्यात परत आलो. जावयाकडं ग्रीन कार्ड आहे. त्यानं सरप्लसमधलं, म्हणजे लष्करानं वापरून विकायला काढलेलं, एक जुनं खिशात मावणारं पिस्तूल घेतलंय, पोलंडचं पी-६४. नव्या पिस्तुलाच्या निम्म्या किमतीत मिळालं म्हणून खूश. खोक्यातनं काढलं तर ग्रीसमध्ये तळून काढल्यासारखं. जावई वरवर पुसून लगेच रेंजवर निघाला होता. मी म्हटलं, थांबा की जरा, आधी फायरिंग पिनच्या, म्हणजे गोळीच्या बुडावर ठोका देणाऱ्या पिनच्या, भोकातलं ग्रीस काढा. पिन पुढं चिकटून राहिली तर स्लाइड, म्हणजे वरचा मागं-पुढं सरकणारा भाग, मिटताच गोळी सुटेल. मग दोन दिवस परातीत सगळं सुटं करून धुतलं. म्हणजे त्यानं धुतलं, मी सांगत बसलो.

रेंजवर गेलो तर काउंटरवरच्या पोरीनं माझा पासपोर्ट बघितला आणि मान हलवली. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसानं हत्यार हातात धरायचं नाही म्हणे. अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली, किती रिक्रुटांना नेम धरायला शिकवलं त्याची गणती नाही, आणि तिथं मी काचेमागं खुर्चीवर, कानाला मफ लावून, नातवाचं वेफर्सचं पाकीट सांभाळत. असो.

मॅगझिनमध्ये सहा गोळ्या. जावयाची पहिली गोळी दर वेळी कागदाच्या बुडाला, पुढच्या पाच एका बशीत. कारण उघड होतं. पहिली गोळी डबल अ‍ॅक्शन, म्हणजे हातोडा ट्रिगरनंच मागं ओढायचा, आणि ट्रिगर इतका जड की दाबता दाबता सगळा हात खाली जातो. लेकीनं ओढला तर हातोडा अर्ध्यावर येऊन परत गेला. पुढच्या गोळ्यांना हातोडा आधीच मागं असतो, तिथं ट्रिगर हलका. दुसऱ्या मॅगझिनला स्लाइडनं जावयाच्या अंगठ्याजवळचं कातडं सोललं. एवढंसं पिस्तूल, पण झटका आमच्या ९ एमएम ब्राउनिंगपेक्षा जास्त! ते कसं, ते मला अजून कळलं नाही.

आणि खोखे, म्हणजे गोळी सुटल्यावर उरणारी रिकामी टरफलं! फायरिंग झालं की आमच्याकडं एकेक खोखा मोजून जमा, वर "माझ्याकडे राउंड किंवा खोखा नाही" असं खणखणीत बोलून दाखवायचं. एक खोखा कमी पडला म्हणून अख्खी प्लाटून गवतात संध्याकाळपर्यंत रांगलेली मी बघितलीय. तिथं पोरगा झाडू घेऊन आला आणि पोहे सांडल्यासारखे झाडून घेऊन गेला.

तर विचारायचं हे. जावई हातोड्याची स्प्रिंग बदलून हलकी घालतो म्हणतोय. घालू द्यावी का? आणि आपली ९ एमएमची गोळी त्यात चालते का? मला ती आखूड वाटली.

निपाणीकर_डॅलस

सुभेदारसाहेब, तुमची कळ कळली. माझ्या वडिलांनाही काउंटरवरनं असंच परत पाठवलं होतं. पण त्या कायद्यात एक वाट आहे. शिकारीचं चालू लायसन जवळ असेल तर व्हिजिटर व्हिसावरच्यालाही धरता येतं. बाहेरच्या माणसालाही ते टेक्सासमध्ये दुकानात मिळतं. पुढच्या खेपेला आधी ते काढा, मग रेंज.

गोळीबद्दल : आपली ९ बाय १९, याची ९ बाय १८ मकारोव्ह. १८ आणि १९ ही खोख्याची लांबी. पण फरक तेवढाच नाही. मकारोव्हचं शिसं ९.२ मिमीपेक्षा थोडं जास्तच जाड, आपलं ९ च्या आसपास. एकाची गोळी दुसऱ्यात घालायची नाहीच. जावयाला डबा घेताना "मकारोव्ह" हा शब्द वाचूनच घ्यायला सांगा. रेंजवरचा पोरगा नुसतं "नाइन" ऐकून भलताच डबा पुढं करतो.

स्प्रिंग बदला, मी बदललीय. या पिस्तुलासाठी हलक्या स्प्रिंगा तयार मिळतात, स्वस्त असतात. मूळचा ट्रिगर म्हणजे विहिरीचा रहाट ओढल्यासारखा.

नेमबाज_चिकोडी

मी कोल्हापूरला दुधाळी रेंजवर पिस्तूल शिकलो, म्हणून थोडं बोलतो.

झटक्याचं कारण वजनात आहे, शिवाय यंत्रातही. ब्राउनिंगमध्ये गोळी सुटताना नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेल्या असतात, थोडं मागं जाऊन मग सुटतात. पी-६४ ची नळी जागची हलत नाही, कुलूप असं काही नाहीच. स्लाइडचं वजन आणि नळीवरची स्प्रिंग, एवढंच काय ते मागचा दाब थोपवतं. त्यात पिस्तूल साधारण सव्वासहाशे ग्रॅमचं, ब्राउनिंग नऊशेच्या आसपास. म्हणजे धक्का सगळा तळहाताला. जावईबापू मूठ फार वर सरकवत असणार, अर्धा सेंटिमीटर खाली घ्यायला सांगा, कातडं वाचेल.

स्प्रिंगच्या बाबतीत मात्र निपाणीकरांशी माझं जमत नाही. हलकी स्प्रिंग म्हणजे हातोड्याचा ठोकाही हलका. मकारोव्हच्या जुन्या लष्करी गोळ्यांची टोपी, म्हणजे बुडाशी पिन आपटते तो भाग, कडक असते, ठोका पोचला नाही तर नुसता खट्ट आवाज. बदलायचीच तर एकदम सगळ्यात हलकी नको. आणि मूळची स्प्रिंग डबीत जपून ठेवा.

निपाणीकर_डॅलस

ते मान्य. माझी दोनदा खट्ट झाली होती, तेव्हा एक नंबर जड घातली. मघाशी सांगायचं राहिलं.

नंदगडचा_शेतकरी

मामा, ते पिस्तूल इकडं आणता येईल का? माझ्याकडं रानडुकरांसाठी सिंगल बॅरल बारा बोर आहे, पण दर इलेक्शनला ठाण्यात जमा. तेवढे दिवस डुकरं ऊस सोडून प्रचाराला जातात असं सरकारला वाटतंय बहुतेक.

नेमबाज_चिकोडी

नंदगडकर, नाव काढू नका. ९ एमएम बोर आपल्याकडं साध्या लायसनवर मिळत नाही. दुकानात पिस्तूल म्हटलं की .३२ दाखवतात, ते म्हणूनच. आणि पिस्तुलानं डुक्कर? उसात तुम्हीच आधी सापडाल.

सुभेदारसाहेब, तिकडनं येताना बॅगा नीट बघितल्या होत्या ना? एक जिवंत गोळी कपड्यात राहिली तरी विमानतळावर आर्म्स अ‍ॅक्टखाली केस होते. रेंजवर नेलेली बॅग लोक तशीच प्रवासाला भरतात, त्यातनंच होतं हे.

सुभेदार_खानापूर

यप्पा! हे वाचून सगळ्या बॅगा अंगणात उलट्या केल्या. दाढीच्या पिशवीत, ब्रशखाली, पितळी काहीतरी सापडलं. नातवाचं काम. आजोबाला आठवण म्हणून तिथला एक खोखा ढापून घातलेला. दोन विमानं बदलून मी तो गावाला घेऊन आलो आणि कुणालाच दिसला नाही!

चष्मा लावून उजेडात धरला. टोपीवर पिनचा खळगा मोहरीच्या दाण्याएवढा, चांगला खोल, मधोमध. जावयाला फोटो पाठवला आणि सांगितलं, आधी एक महिना मूळच्या स्प्रिंगवरच रिकामा ट्रिगर ओढायची सवय कर, रोज पन्नास वेळा, भिंतीकडं तोंड करून, गोळ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवून. मग ठरवू. तो म्हणाला, पप्पा, बोट दुखतं. मी म्हटलं, दुखू दे की.

खोखा सध्या देवळीत आहे. सौ. म्हणते, कुणाला तरी जमा करून या. आता कुणाला जमा करू?