रोजच्या पद्मिनीला बेंच सीट ठेवावी की बकेट बसवाव्यात?

मुलुंडकर
गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६ची, हँडल गिअर. रोज मुलुंड ते अंधेरी. पुढच्या बेंचच्या (दोघांची मिळून एकच लांब सीट) स्प्रिंगा बसल्यात, काथ्याचा भुगा मॅटवर पडतो. गॅरेजवाला म्हणतो, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून मारुती ८००च्या दोन बकेट सीट (एकेका माणसाच्या सुट्या) आणा, पट्ट्या वेल्ड करून बसवून देतो.

माझं मत, बेंच काढू नये. गिअर स्टिअरिंगपाशी असल्यामुळे मधली जागा मोकळी राहते. सोसायटीत शेजारची गाडी उजव्या दाराला चिकटून लागली, की मी डावीकडून चढतो आणि सरकत स्टिअरिंगपर्यंत येतो. दोन बकेट लावल्या की मधे नुसती फट उरेल. रोज वापरायची म्हणून तिच्यातलं चांगलं काढून टाकायचं, हे मला पटत नाही. सांगाडा शाबूत आहे; स्प्रिंगा, फोम, रेक्झिन बदललं की झालं.

सायली_ठाणे
दादा, साफ असहमत. या बेंचची पाठ खांद्याच्या खालीच संपते, डोक्यामागे काही नाही. सिग्नलला उभे असताना मागून कुणी ठोकलं, तर धड सीटबरोबर पुढे जातं आणि मान मागे फेकली जाते. रविवारी सकाळी फेरी मारणाऱ्याने हा धोका पत्करावा; तुम्ही रोज पीक अवरला घाटकोपर-अंधेरीच्या गर्दीत असता.

शिवाय बेंच अख्खी पुढेमागे होते. मी बुटकी, नवरा उंच. मी क्लचपर्यंत सीट ओढली, की त्याचे गुडघे डॅशबोर्डला. आमच्या गाडीत बकेट बसवल्यापासून हे भांडण संपलं.

आणि जपायचं कुणासाठी? २०२१च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी ५० वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना मिळते, आणि ती घेतली की गाडी नियमित वापरता येत नाही. तुमची २०३६पर्यंत त्यात बसत नाही, आणि तेव्हाही रोज चालवायची असेल तर ती पाटी तुमच्या कामाची नाही.

मुलुंडकर
ताई, पाटीसाठी कोण जपतंय? मला ती गाडी तशी हवी आहे, एवढंच. मानेचा मुद्दा मात्र खरा आहे. त्यावर उपाय म्हणून बेंचच्या सांगाड्यातच पाइप वेल्ड करून दोन हेडरेस्ट बसवायचा विचार आहे.

पत्रेकाम_पुणे
तो विचार सोडा. बेंचच्या पाठीची नळी बारीक असते, डोक्याचा झटका घ्यायला ती बनलेलीच नाही. दणका बसला तर हेडरेस्टसकट पाठ वाकेल. दिसायला हेडरेस्ट आणि आधार शून्य, हे नसण्यापेक्षा वाईट, कारण माणूस निर्धास्त होतो.

पण सायलीताई, बकेट बसवून सुरक्षित झालो हेही तपासल्याशिवाय धरू नका. या गाड्यांचा पत्रा मॅटखाली पावसाच्या पाण्याने खाल्लेला असतो. मॅट उचलून स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. आत गेला तर आधी नवा पत्रा. मग प्रत्येक बोल्टखाली, गाडीच्या पोटाकडून, जाड लोखंडी प्लेट. नुसता वॉशर पत्रा फाडून वर येतो. बोल्ट ८.८ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे. काही नव्या सीटांच्या सांगाड्यालाच बेल्टचं बकल असतं. तशी सीट घेतलीत तर अपघातात बेल्टवरच्या जोराचा मोठा वाटा त्याच चार बोल्टांवर येतो. आणि दुसऱ्या गाडीची रेल (सीट पुढेमागे सरकते ती पट्टी) वेल्ड केलेल्या पट्ट्यांवर चढवली की सीट उंच होते, स्टिअरिंग मांडीला घासतं. आधी बेंचवर बसून टपापासून डोक्याचं अंतर मोजा, मगच बाजारात जा.

सायली_ठाणे
प्लेटचा मुद्दा मान्य, आमच्याकडे तसंच केलंय. पण खर्च येतो आणि कारागीर चांगला लागतो, म्हणून मानेला आधारच नको, हे कसं?

पत्रेकाम_पुणे
तसं म्हणत नाही. रोजच्या गाडीला माझंही मत बकेटलाच, पत्रा धड असेल तर.

माटुंगा_टॅक्सी
मी मुलुंडकरांच्या बाजूने. आमच्या घरी वडिलांची काळी-पिवळी पद्मिनी होती, दिवसभर त्याच बेंचवर धंदा. पाठ दुखायची ती फोम दबला की. नवा भरला की थांबायची. फक्त मऊ फोम घेऊ नका. ४० डेन्सिटीचा घ्या, खाली स्प्रिंगांवर गोणपाट किंवा जाड नमदा, नाहीतर स्प्रिंग फोम कापते. बसायच्या भागाला रेक्झिनऐवजी कापड, मे महिन्यात फरक कळेल. ऑक्टोबर २०२३ला पद्मिनी मुंबईच्या टॅक्सी धंद्यातून बाद झाली. या बेंच भरणारे हात अजून आहेत, पण काम मिळेनासं झालं की तेही दुसरीकडे वळतील.

सायली_ठाणे
काका, फोमने पाठ वाचेल. मान कशी वाचणार, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

मुलुंडकर
रविवारी मॅट उचलतो. बी पिलरला (पुढच्या-मागच्या दारांमधला खांब) तीन टोकांचा बेल्ट बसवायला जागा आहे का, तेही बघतो. बेंच राहो वा जाओ, बेल्ट हवाच. बेंच मात्र मी अजून सोडलेली नाही.