घरच्या कॉम्प्युटरला व्हीपीएन लागेना

मीनल: केदारदादा, आहेस का? घरच्या कॉम्प्युटरला बाहेरून जोडून देणारं व्हीपीएन गंडलंय. ॲपमध्ये 'ॲक्टिव्ह' दिसतंय, पण एकही फोल्डर उघडत नाही. काल रात्री व्यवस्थित चालू होतं.

बाबा: मी कशालाही हात लावलेला नाही.

आई: तुम्हाला कोणी विचारलंय का?

नंदूकाका: राउटर बंद करून चालू करा.

बाबा: केला. दोनदा. हा घ्या फोटो.

नंदूकाका: फोटोतला पत्ता टाकून वेबसाइटवर पाहिलं. व्हीपीएनचं पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, ५१८२० बंद दाखवतंय. सापडलं!

केदार: नाही हो काका. त्या साइट बहुतेक टीसीपी तपासतात, आपलं व्हीपीएन ॲप वायरगार्ड यूडीपीवर, म्हणजे डेटा पाठवायच्या वेगळ्याच पद्धतीवर चालतं. शिवाय अनोळखी कोणी दार वाजवलं तर ते आतून हूं की चूं करत नाही. चालू असलं तरी तुम्हाला बंदच वाटणार.

केदार: आणि भाऊकाका, तुम्ही टाकलेला तो राउटरचा फोटो आधी काढा. त्यात घराचा बाहेरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, दिसतोय.

केदार: मीनल, 'ॲक्टिव्ह'वर जाऊ नकोस. तू बटण दाबलंस एवढंच त्यातून कळतं. खाली 'लेटेस्ट हँडशेक', म्हणजे दोन्ही टोकांची शेवटची ओळख कधी पटली, अशी ओळ आहे का?

मीनल: आहे. ४० सेकंदांपूर्वी.

केदार: सुटलो! म्हणजे घरचा कॉम्प्युटर जागा आहे, पोर्ट फॉरवर्डिंग (राउटरने बाहेरची हाक त्या कॉम्प्युटरकडे पाठवणं) ठीक आहे, दोन्हीकडच्या कीज (किल्ल्या) जुळतायत. शंभर-चौसष्टचं झेंगटही नाही.

नंदूकाका: ते काय असतं?

केदार: इंटरनेटवाले एकच बाहेरचा पत्ता बऱ्याच घरांत मिळून वापरतात, तेव्हा राउटरला बहुधा १००.६४ ते १००.१२७ यातला पत्ता मिळतो. मग तुम्ही राउटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरचं कोणी घरापर्यंत पोचतच नाही. पण हँडशेक होतोय म्हणजे आपल्याकडे तसं नाही.

केदार: मीनल, कालपासून काय बदललं?

मीनल: काहीच नाही गं बाई... सॉरी, दादा 😄 थांब. काल मी फोनच्या हॉटस्पॉटवर होते. आज इथलं वायफाय घेतलंय.

केदार: कमांड प्रॉम्प्ट उघड, आयपीकॉन्फिग टाक. वायफायचा पत्ता काय येतो?

मीनल: १९२.१६८.१.३४

केदार: आणि घरचा कॉम्प्युटर १९२.१६८.१.२०! घरच्या आणि तिथल्या, दोन्ही राउटरनी १९२.१६८.१ ने सुरू होणारेच पत्ते वाटून ठेवलेत. तुझ्या लॅपटॉपला वाटतंय २० नंबर इथेच शेजारी आहे. तो तिथल्याच वायफायवर हाका मारत बसलाय, टनेलकडे, म्हणजे व्हीपीएनच्या रस्त्याकडे, फिरकतच नाहीये.

बाबा: म्हणजे माझ्याकडून काही झालेलं नाही.

केदार: नाही काका 🙏 मीनल, १०.८.०.१ ला पिंग कर, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघ. तो घरच्या कॉम्प्युटरचाच टनेलमधला पत्ता.

मीनल: आलं उत्तर! ४८ मिलिसेकंद. पण फोल्डरचे सगळे शॉर्टकट .२० वर आहेत रे.

केदार: मग टनेल एडिट कर. अलाउड आयपीजमध्ये (टनेलमधून जायच्या पत्त्यांच्या यादीत) १९२.१६८.१.०/२४ आहे, म्हणजे अख्खा गट; तिथे १९२.१६८.१.२०/३२ लिही, म्हणजे फक्त एक पत्ता. १०.८ वाली नोंद तशीच राहू दे. दोन रस्ते असले की जास्त नेमका रस्ता जिंकतो, त्यामुळे तेवढा एक पत्ता टनेलमधून जाईल.

मीनल: उघडलं!!!

नंदूकाका: मग घरच्या राउटरचाच पत्ता बदलून टाकू, १९२.१६८.७३ करू. मी संध्याकाळी येतो.

केदार: उपाय तोच खरा, पण मीनल घरी असताना करा. पोर्ट फॉरवर्डिंग जुन्या .२० वर आहे, ते तुटलं तर ती बाहेरच अडकेल. प्रिंटरचा पत्ताही नव्याने द्यावा लागेल.

बाबा: प्रिंटरला कोणी हात लावायचा नाही.

बाबा: केदार, फोटो डिलीट केला.

केदार: काका, तुम्ही 'डिलीट फॉर मी' केलंय. मला अजून दिसतोय. नंदूकाका, ग्रुपचे ॲडमिन तुम्ही आहात, तुम्हीच काढा आता.