सल्ला हवा: मांडीच्या स्नायूंचं ईएमजी आणि 'किती कष्ट पडले' हा आकडा, मेळ कसा घालू?

उंबरठा
नमस्कार. मी फिजिओथेरपीच्या एमपीटीएचला (पदव्युत्तर अभ्यासक्रमाला) आहे. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) मंजूर झालाय आणि पायलट, म्हणजे आधीची छोटी चाचणी, सुरू केलाय. ४० ते ५५ वयाच्या, गुडघेदुखी नसलेल्या बायकांमध्ये व्यायाम करताना मांडीच्या पुढच्या स्नायूंचं ईएमजी (स्नायूतल्या विजेच्या संकेतांची नोंद) घ्यायचं आणि त्याच वेळी बोर्ग स्केलवरचा (कष्ट किती वाटले ते ६ ते २० मध्ये सांगायची पट्टी) आकडा विचारायचा, असा विषय आहे. व्यायाम तीन: खुर्चीवरून उठबस, भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं बसून राहणं (वॉल सिट) आणि स्थिर सायकल. इलेक्ट्रोड मांडीच्या बाहेरच्या आणि आतल्या बाजूला, म्हणजे व्हास्टस लॅटरॅलिस आणि व्हास्टस मीडियालिसवर.

चौघींवर करून पाहिलं आणि गाडी आकड्यापाशीच अडली. वॉल सिटला एका काकूंच्या मांड्या लटपटत होत्या, ईएमजीची रेघ चढत चालली होती, आणि विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही गं, चालेल अजून." आकडा दिला ९. दुसऱ्या काकूंनी सायकलवर १७ सांगितला, पण सांगताना हात छातीवर होता. पाय अजिबात दुखत नाहीत म्हणाल्या.

मी विचारते ते वाक्य असं: "किती दम लागलाय, ६ ते २० मध्ये सांगा." हे चुकतंय का? शिवाय एकीचं ईएमजी दुसरीच्या शेजारी कसं मांडायचं तेही सांगा. गाईड मॅडम मदत करतात, पण तुमच्यापैकी कुणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर ऐकायचंय.

रानजाई
तुझ्या काकूंचा काही दोष नाही, प्रश्नाचा आहे. 'दम' म्हटलं की मराठी माणूस श्वासाकडे बघतो. वॉल सिटमध्ये धाप फारशी लागत नाही, लागते ती मांडी. काकूंनी तू विचारलेल्याचं खरं उत्तर दिलं: दम ९.

दोन वेगळे आकडे घे, एक श्वासाचा आणि एक मांड्यांचा. ही काही नवी युक्ती नाही. १९७१ सालीच एकब्लोम आणि गोल्डबार्ग यांनी कष्टाच्या जाणिवेचे दोन भाग मांडले होते: स्नायूंतून येणारा आणि हृदय-श्वासाकडून येणारा. सायकलवर अनेकांचे पाय आधी बोलतात, चढावर भराभर चालताना श्वास आधी बोलतो. एकच आकडा घेतलास तर कोण काय मोजतंय ते तुला कधीच कळणार नाही.

आणखी एक, आणि हे मी कळकळीने सांगते. आपल्याकडच्या या वयाच्या बायका त्रास कमी करून सांगतात. आयुष्यभराची सवय असते ती. आधी पंधरा मिनिटं बसवून स्केल समजावून दे. ६ म्हणजे निवांत बसलेलं. ९ म्हणजे आपल्या चालीने सावकाश चालणं. १३ ला जरा जड जातं, पण चालू ठेवता येतं. १९ म्हणजे आजवर केलेलं सगळ्यांत कष्टाचं काम. इथे त्यांना त्यांचीच आठवण काढायला लाव: तिसऱ्या मजल्यावर सिलिंडर चढवला होता का, नळाला पाणी नव्हतं तेव्हा हंडे वाहिले होते का. मग "कमी सांगितलंत तर माझा अभ्यास चुकेल" असं सरळ सांग. हे वाक्य मी क्लिनिकमध्ये रोज वापरते आणि त्यानंतर आकडे बदलतात.

तालमीतला
शास्त्रातलं मला कळत नाही, पण आमच्याकडे तालमीत पोरांना बैठका मारायला लावल्या की वस्ताद दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारायचे. "धाप लागली का?" आणि "मांड्या भरल्या का?" भरून येणं वेगळं, आग होणं वेगळं आणि गोळा येणं तर अगदीच वेगळं. गोळा आला तर थांबायचं. तुमच्या काकूंना 'मांड्या भरून आल्या का' विचारा, लगेच कळेल.

उंबरठा
@तालमीतला, 'भरून येणं' हा शब्द मला सुचलाच नव्हता! पुस्तकी 'थकवा' घेऊन बसले होते. मनापासून आभार.

ओममीटर
मी वैद्यकीय उपकरणांत काम करतो, ईएमजीपुरतं बोलतो.

मायक्रोव्होल्टचे कच्चे आकडे दोन बायकांमध्ये अजिबात लावू नका. कातडीखालची चरबी, घाम, इलेक्ट्रोडची जागा, सगळ्याने फरक पडतो. प्रत्येकीचा आधी कमाल जोर घ्या: खुर्चीत बसवून, घोटा पट्ट्याने बांधून, गुडघ्याचा कोन तोच ठेवून, ३ ते ५ सेकंद पूर्ण ताकदीने पाय सरळ करायला सांगा. तीन वेळा, मध्ये चांगली विश्रांती, आणि मोठ्याने प्रोत्साहन द्या, नाहीतर कमाल जोर कमाल नसतोच. पुढचं सगळं त्याच्या टक्केवारीत. जागेसाठी सेनिअमच्या (कातडीवरून ईएमजी घेण्याच्या युरोपीय मार्गदर्शिकेच्या) शिफारशी पाळा, दोन इलेक्ट्रोडमध्ये २० मिलिमीटर. त्वचा स्पिरिटने नीट पुसा आणि इलेक्ट्रोडभोवती मार्करने खूण करून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी जागा हलणार नाही.

मर्यादाही लिहा. क्वाड्रिसेप्सची, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूची, चार डोकी (भाग), त्यातलं व्हास्टस इंटरमीडियस खोल आहे, कातडीवरून ते नीट मिळत नाही. तेव्हा 'मांडीचा स्नायू' असं सरसकट न लिहिता ज्या दोन डोक्यांवरून मोजलं त्यांचीच नावं घ्या.

गडवाट
एक साधा विचार. ईएमजी जास्त म्हणजे कष्ट जास्त, मग आकडा विचारायचाच कशाला? यंत्र खोटं बोलत नाही.

रानजाई
@गडवाट, ईएमजी स्नायूला पोचलेल्या हुकमाची खूण देतं, कष्टाची नव्हे. तुम्ही गड चढता-उतरता ना? चढताना जीव जातो, उतरणं सोपं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. तेवढ्याच जोराला त्याला कमी तंतू कामाला लावावे लागतात, म्हणून ईएमजी कमी आणि ऑक्सिजनही कमी. १९५२ मध्ये अ‍ॅबट, बिगलंड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पुढे पेडल मारायचं, दुसऱ्याने अडवायचं. जोर जवळपास सारखा, पण अडवणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला.

उंबरठा, हे तुझ्या उठबशीला थेट लागू आहे. उठताना आणि बसताना दोन वेगळी कामं होतात. त्यांची सरासरी काढलीस तर दोन्ही हरवतील. गुडघ्याचा कोन मोजणारं गोनिओमीटर जोडून दोन्ही टप्पे वेगळे काप.

आणि जाणीव कुठून येते यावर अजून एकमत नाही. एक मत असं की मेंदू स्नायूला जो हुकूम सोडतो त्याचीच प्रत कष्ट म्हणून जाणवते. दुसरं मत स्नायूंतून परत येणाऱ्या संदेशांना महत्त्व देतं. २००९ मध्ये मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी १६ जणांना ९० मिनिटं डोकं शिणवणारं काम दिलं आणि मग सायकलवर बसवलं. ज्या दिवशी डोकं शिणलेलं नव्हतं त्या दिवशी ते सरासरी ७५४ सेकंद टिकले, शिणलेल्या दिवशी ६४०. हृदय आणि स्नायूंकडून त्याचं कारण मिळालं नाही, वाढलेली होती ती कष्टाची जाणीव. म्हणून आकडा विचारायचा. यंत्राला हे दिसलंच नसतं.

गडवाट
पटलं. दुसऱ्या दिवशीच्या मांड्यांचा अनुभव तर दर रविवारचा आहे.

शून्यएक
आकडेवारीचं काम करतो. सगळ्या बायकांचे सगळे बिंदू एकाच आलेखात टाकून सहसंबंध काढू नका. एकीचे सहा बिंदू म्हणजे सहा बायका नव्हेत. प्रत्येकीच्या आत ईएमजी वाढलं की आकडा वाढतो का, हा तुमचा खरा प्रश्न आहे. त्यासाठी पुनरावृत्त मोजमापांचा सहसंबंध (रिपीटेड मेजर्स कोरिलेशन) किंवा मिश्र प्रारूप (मिक्स्ड मॉडेल) वापरा, दोन्ही एकीचे बिंदू एकीचेच धरतात. व्यायामांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. आकडा विचारणाऱ्याला पडद्यावरचं ईएमजी दिसता कामा नये, तुम्हालासुद्धा.

रानजाई
राहिलेलं लिहिते. त्या दिवशी चहा-कॉफी घेतली का ते नोंदव, कॅफिनने कष्टाचा आकडा खाली येतो. बीटा ब्लॉकरची (नाडी मंद करणारी) गोळी चालू असेल तर 'आकडा गुणिले दहा म्हणजे नाडी' हा हिशोब विसर, तो मुळात निरोगी तरुणांसाठी होता. वॉल सिटमध्ये रक्तदाब चढतो, म्हणून आधी मोजून घे आणि श्वास रोखू देऊ नकोस. एथिक्स कमिटी हे विचारेलच. स्केलवर कॉपीराइट आहे, परवानगीचा कागद फाइलला लाव. मराठी शब्द ठरले की दुसऱ्या कुणाकडून उलटा अनुवाद (मराठीतून परत मूळ भाषेत) करून घे, अर्थ बदलला नाही ना ते कळेल.

आणि जमलं तर चेहऱ्याकडेही बघ. २०१० मध्ये डी मोरे आणि मार्कोरा यांनी पाय सरळ करण्याचा व्यायाम देऊन भुवईजवळच्या स्नायूचं ईएमजी घेतलं होतं. वजन आणि थकवा वाढेल तशा कपाळावरच्या आठ्या वाढत गेल्या. "काही नाही गं" म्हणणाऱ्या काकूंच्या कपाळावर काय होतं, आठवतंय?

उंबरठा
आठवतंय. आठ्या होत्या, आणि मी पडद्याकडे बघत होते.

काल त्याच काकूंना परत बोलावलं. आधी स्केल समजावली, हंड्यांची आठवण काढली (त्यांच्या लग्नानंतर चार वर्षं विहिरीचं पाणी होतं, त्यालाच त्यांनी १९ दिले). मग वॉल सिट, तेवढाच वेळ, तोच कोन. दोन प्रश्न: "धाप किती लागली?" आणि "मांड्या किती भरून आल्या?" उत्तर आलं ८ आणि १६. उठबशीचे टप्पे वेगळे करायला गोनिओमीटर विभागातून मिळतोय. पडद्याकडे आता माझी मैत्रीण बसेल.

एक मदत अजून हवी. माझ्याकडे येणाऱ्या बायका सगळ्या पुण्याच्या नाहीत, काही विदर्भातून आणि कोकणातून आलेल्या आहेत. 'मांड्या भरून येणं' याला तुमच्याकडे काय म्हणतात ते लिहाल का? घरी आई-आजीला विचारून सांगितलंत तर फारच बरं.