यॉर्कचे पूल एका दिवसात: क्रम कसा लावायचा?

सीताबर्डीकर:
डिसेंबरात इंग्लंडमधल्या यॉर्कला एक दिवस मिळतोय. ऊझ नदीवरचे पूल आणि त्यांच्यापायी बदललेले रस्ते पायी बघायचे आहेत. ऊझ ब्रिज सगळ्यात जुना म्हणतात, पण साल तर १८२१ दिसतं. नेमकं काय? आणि पूर असला तर?

महालवाला:
जागा जुनी, बांधकाम नवं. तिथल्या मध्ययुगीन दगडी पुलावर घरं, दुकानं, चॅपल, १३६७ पासून सार्वजनिक शौचालयसुद्धा! कमानी बारक्या, खांब जाड. पूर आला की पाणी पुलाच्या वरच्या अंगाला फुगायचं, अरुंद गाळ्यांतून जोरात निघायचं आणि खांबांच्या पायाखालची माती खरवडून न्यायचं. १५६४-६५ च्या हिवाळ्यात मधल्या दोन कमानी घरांसकट गेल्या. मग दोनांच्या जागी ८१ फुटांची एकच कमान घातली, म्हणजे पात्रातला एक खांब कमी. आपल्या नागपुरातल्या नाग नदीवरच्या ठेंगण्या पुलांचं दुखणं हेच, वरून कचरा अडकतो तो वेगळा. आत्ताचा पूल १८१० ते १८२१ मधला. टोल १८२९ ला उठला.

धरमपेठ_जुना:
रस्ते बघायचे तर लेंडल ब्रिज महत्त्वाचा. आधी तिथं नाव चालायची. रेल्वे आल्यावर स्टेशनाकडून मिन्स्टरच्या (तिथल्या मोठ्या चर्चच्या) बाजूला जायला पूल हवा झाला. पहिला प्रयत्न १८६१ मध्ये बांधता बांधताच कोसळला, पाच माणसं गेली. त्यातलं लोखंड पुढं स्कारबरोच्या व्हॅली ब्रिजला वापरलं. मग थॉमस पेजनं १८६३ मध्ये १७५ फुटांचा एकच लोखंडी गाळा टाकला, पात्रात एकही खांब नाही. टोल मात्र १८९४ पर्यंत. २०१३-१४ मध्ये दिवसा खासगी गाड्या बंद करून पाहिल्या, दंडावरून वाद पेटला, शेवटी प्रयोग गुंडाळला. शहर बदलायचं म्हटलं की भांडण ठरलेलंच, तिथं काय अन् इथं काय!

महालवाला:
क्रम असा लावा भाऊ. स्टेशनातून बाहेर पडून आधी लेंडल. मग मागं येऊन शहराच्या जुन्या तटबंदीच्या भिंतीवर, म्हणजे तटावर चढा, मिकलगेट बार या वेशीवरून बेल हिल या टेकाडापर्यंत चाला. खाली उतरलं की समोर स्केल्डरगेट ब्रिज, १८८१ चा. उंच डोलकाठीच्या बोटींसाठी त्याचा पूर्वेकडचा छोटा गाळा उघडायचा. तिथून किंग्ज स्टेथच्या धक्क्यानं ऊझ ब्रिज. पाणी चढलं की पहिला हाच धक्का बुडतो, तेव्हा क्लिफर्ड स्ट्रीटनं या. तटाची दारं अंधार पडताना लावतात आणि डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, म्हणून तट दुपारीच उरका. दगडावर बर्फ धरला तर तट बंदच.

सीताबर्डीकर:
आणि ऊझला मिळणाऱ्या फॉस नदीवरचा तो पूर अडवायचा दरवाजा? २०१५ ला फसला म्हणतात.

धरमपेठ_जुना:
दरवाजा नाही, पंपघर फसलं. ऊझ फॉसपेक्षा वर चढली की दार खाली सोडतात, नाहीतर ऊझचं पाणी उलटं फॉसमध्ये शिरतं. पण दार लावलं की फॉसचं पाणी आत साठतं, ते पंपांनी ऊझमध्ये फेकावं लागतं. २६ डिसेंबरला पंपघरातच पाणी घुसलं. विजेची यंत्रणा बुडाली तर दार खालीच अडकून बसेल, म्हणून ते वर घ्यावं लागलं आणि फॉसकाठची वस्ती पाण्यात गेली. बघायचं असेल तर स्केल्डरगेटहून न्यू वॉक या नदीकाठच्या पायवाटेनं दक्षिणेला जा, संगमावरच आहे. त्याच काठानं पुढं २००१ चा मिलेनियम ब्रिज लागतो, फक्त पायी अन् सायकलींसाठी. न्यू वॉकवर पाणी असलं तर हे दोन्ही सोडा.