हात पुढे केला की कुत्रा मागे सरकतो, ट्रेनिंग कधी सुरू करू?

दत्तक घेतलेला दीड वर्षाचा कुत्रा आहे, घरी येऊन 6 दिवस झालेत, हात पुढे केला की कान मागे पाडून टेबलाखाली जातो. 'बस' वगैरे आत्ताच शिकवू का?

— एवढ्यात नको. त्याच्याकडे न बघता जमिनीवर बसा, खाऊ बाजूला टाका, त्याला स्वतःहून येऊ द्या, वरून डोक्यावर हात अजिबात नको, आला तर छातीपाशी खाजवा, 3 सेकंदांनी थांबा, परत नाक लावलं तरच पुढे.

— आमची कुत्री सारखी जांभया द्यायची, ओठ चाटायची, मला वाटायचं झोप आलीय, तो ताण असतो हो! ओरडू नका कधीच.

— टेबलाखालून ओढू नका, ती त्याची जागा आहे. हाकेला शेपूट सैल हलवत आला की मग 2-3 मिनिटं शिकवा.