एनएचएसचं कॉन्ट्रॅक्ट गेलं, पॅनेलकडे जाऊन काही होतं का?

फिजिओताई:
इंग्लंडमध्ये एनएचएसच्या (इथली सरकारी आरोग्यसेवा) टेंडरचं काम बघणारं कोणी आहे का इथे? आमचं छोटं फिजिओ क्लिनिक, बरीच वर्षं इथल्या आयसीबीचं (आमच्या भागासाठी एनएचएसच्या सेवा विकत घेणारं मंडळ) काम करतोय, यावेळी एका मोठ्या कंपनीला दिलं आणि आम्हाला पत्र आलं त्यात क्वालिटीला मार्क कमी का तर "पुरेसा तपशील नाही", बस्स एवढंच! अशा निर्णयांवरच्या तक्रारी बघणारं स्वतंत्र पॅनेल आहे म्हणे, थेट त्यांनाच लिहू का? कॉन्ट्रॅक्ट परत मिळवून देतात का ते?

टेंडरवाला:
थेट नाही हो. आधी आयसीबीलाच लेखी द्यायचं, कॉन्ट्रॅक्ट कोणाला देणार त्याची नोटीस लागली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून कामकाजाचे ८ दिवस मिळतात, आठव्या दिवशी मध्यरात्री खेळ खलास. १ जानेवारी २०२४ पासून प्रोव्हायडर सिलेक्शन रेजीम (आरोग्यसेवेचं काम कोणाला द्यायचं ते ठरवायचे नियम) आलंय त्यातलाच नियम. आणि अन्याय झाला अन्याय झाला करत बसू नका, कुठला नियम कसा मोडला ते लिहा, त्याच मेलमध्ये तुमच्या मार्कांमागची कारणं आणि नोंदी मागा, निर्णयाची नोंद त्यांना ठेवावीच लागते. त्यांचं उत्तर आलं आणि पटलं नाही तर पुढच्या ५ कामकाजाच्या दिवसांत पॅनेल.

बर्मिंगहॅमकर:
पण पॅनेल नुसता सल्ला देतं ना, हुकूम नाही. आयसीबीनं नाही ऐकलं तर उरतं ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे निर्णयाला कोर्टात आव्हान, म्हणजे वकील, म्हणजे घर विका :)

टेंडरवाला:
सल्लाच, बरोबर. पण तो जाहीर होतो, सगळ्यांनी वाचलेला सल्ला बाजूला सारायचा तर आयसीबीला जड जातं. पॅनेल तुमच्या टेंडरला नव्याने मार्क देत नाही, प्रक्रिया नियमाने झाली का तेवढं बघतं. मग एकतर ठीक आहे पुढे जा, नाहीतर अमुक टप्प्यापासून परत करा, नाहीतर सगळं रद्द करा. म्हणजे परत करायला लावलं तरी काम तुम्हालाच मिळेल असं नाही.

फिजिओताई:
आमचे पेशंट म्हणतायत आम्हाला तुमच्याकडेच यायचंय, पेशंट चॉईसखाली (कुठे उपचार घ्यायचे ते निवडायचा पेशंटचा हक्क) काही करता येईल का?

लीड्सची मृणाल:
ताई तो कायदेशीर हक्क मुख्यतः जीपीने (फॅमिली डॉक्टरने) रेफर केल्यावर कन्सल्टंटच्या (तज्ज्ञ डॉक्टरच्या) टीमकडे किंवा मेंटल हेल्थला पहिल्या अपॉइंटमेंटसाठी असतो. साध्या कम्युनिटी फिजिओला तो लागू नाही, आयसीबीनं स्वतःहून चॉईस ठेवला असेल तर गोष्ट वेगळी. त्यावर भिस्त ठेवू नका.

फिजिओताई:
बरं. आणि सोमवारी बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी), त्या ८ दिवसांत तो दिवस धरायचा का?

टेंडरवाला:
नाही धरत. तरी मेल आजच टाका.